नाना पेठेतलं बिनपाटीचं गॅरेज: जुनी बीएसए घेऊन जावं का?

पाटी नाही, कार्ड नाही, फोन लावला तर उचलतीलच असं नाही. क्वार्टर गेटकडून नाना पेठेत शिरलं की स्पेअर पार्टच्या दुकानांची रांग लागते. त्यातल्याच एका बोळाच्या शेवटी पत्र्याची शेड आहे. बाहेर दोन-चार बुलेट उभ्या असतात, आत काय काय पडलंय ते डोळे अंधाराला सरावल्यावर दिसतं. मागच्या वेळी एक मॅचलेस होती, बिनटाकीची, आणि कोपऱ्यात एरियलची नुसती फ्रेम, दोन्ही जुन्या ब्रिटिश मोटारसायकली. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणतो. खरं तर वयाने तेच माझ्याहून लहान असावेत. हाताखालचा पोरगा मला आजोबा म्हणतो, ते एक सोडून देऊ.

माझी गाडीही ब्रिटिशच, बीएसए बी31, 1952 ची, 348 सीसी, मागे प्लंजर (त्या काळचं स्प्रिंगचं सस्पेन्शन). रिटायर झाल्यावर घोरपडीतल्या एका जुन्या रेल्वेवाल्या कुटुंबाकडून घेतली. माझी उभी नोकरी पिंपरीला टूलरूममध्ये, इन्स्पेक्शनला झाली. त्यामुळे कुणी "एकदम फिट बसवलंय" म्हणालं की माझा हात खिशातल्या मायक्रोमीटरकडे जातो. पुढचं कौतुक आणि कुरकुर दोन्ही त्या हिशोबाने वाचा.

गाडीचं दुखणं असं होतं. सकाळी गार असताना मजेत सुरू. अर्धा तास चालली की मिसफायर, आणि एकदा बंद पडली की पूर्ण गार होईपर्यंत काही केल्या सुरू होणार नाही. दिवे घाट चढताना हे दोनदा झालं, भर उन्हात. आधी दुसरीकडे दाखवली होती. एके ठिकाणी कार्बोरेटर धुऊन दिला. एका चकाचक काचेच्या गॅरेजमध्ये (नाव घेत नाही) सांगितलं, काका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून टाका, कटकट संपेल. एस्टिमेट ऐकून मी चहासुद्धा न घेता निघालो.

चाचांनी पाना हातात घ्यायच्या आधी एकच विचारलं, "गरम झाल्यावरच ना?" मग म्हणाले, भैरोबा नाल्यापर्यंत जाऊन या, दोन चकरा मारा, मध्ये बंद करू नका. परत आलो तेव्हा इंजिन चांगलं तापलं होतं. त्यांनी प्लग काढला, वायरला लावून हेडवर आडवा ठेवला, शेडचा पडदा ओढला आणि पोराला किक मारायला लावली. प्लगच्या टोकाशी बारीक, पिवळट ठिणगी दिसली, तीही एका किकला आली, एका किकला नाही. गाडी तशीच उभी ठेवली. तासाभराने पुन्हा तीच परीक्षा, तर ठिणगी निळी आणि कडकडीत. "कंडेन्सर," एवढंच म्हणाले.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी. या गाडीला ल्युकसचा मॅगडायनो आहे, म्हणजे खाली मॅग्नेटो आणि त्याच्या पाठीवर पट्ट्याने आवळलेला डायनामो. मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. बॅटरी काढून घरी ठेवली तरी गाडी पळते, फक्त दिवे आणि हॉर्न नाही. पण त्याचा कंडेन्सर (ठिणगीचा जोर टिकवणारा छोटा भाग) फिरत्या आर्मेचरच्या, म्हणजे तार गुंडाळलेल्या गाभ्याच्या, पोटात बसवलेला असतो, त्यामुळे तो बदलायचा तर सगळं उकलावं लागतं. शिवाय वायंडिंगवर त्या काळचं शेलॅक, म्हणजे लाखेचा लेप असतो, सत्तर वर्षांनी तो तापला की पाघळतो. म्हणून गार असताना ठीक आणि गरम झाली की बोंब. यात कार्बोरेटरचा काडीचा संबंध नाही.

खोलताना शेजारी स्टुलावर बसू देतात, ही या गॅरेजची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. आर्मेचर बाहेर ओढायच्या आधी चाचांनी पिक-अपचा ब्रश काढला, मग बाजूचा सेफ्टी गॅपचा बारका स्क्रू काढून वाटीत ठेवला. हा स्क्रू आत राहिला आणि आर्मेचर ओढलं की स्लिप रिंगची (आर्मेचरवरच्या, ठिणगी ब्रशकडे देणाऱ्या रिंगची) कडा तुटलीच म्हणून समजा. पुस्तकात हे लिहिलेलं असतं. चाचांनी ते पुस्तक पाहिलेलं नाही, पण स्क्रू काढायला विसरले नाहीत. नवी तार भरली, शेलॅकऐवजी आत्ताचं व्हार्निश दिलं, नवा कंडेन्सर घातला. मजुरी आणि सामान धरून साडेपाच हजारांच्या आसपास गेले. त्यानंतर दिवे घाटात वर पोचल्यावर मुद्दाम बंद केली, खाली मस्तानी तलाव बघत चहा घेतला, आणि गरम गाडी पहिल्या किकला उठली.

दुसरं काम तेलाचं. बीएसए महिनाभर उभी राहिली की तेलाच्या वेगळ्या टाकीतलं इंजिन ऑइल पंपातून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं, मग सुरू केल्यावर धूर आणि खाली थारोळं. बरेच जण यावर तेलाच्या नळीला कॉक बसवून घेतात. चाचा कॉक बसवत नाहीत, कितीही पैसे द्या. "एक दिवस उघडायला विसराल आणि इंजिन जाम होईल," म्हणतात. त्याऐवजी तेल अडवणाऱ्या व्हॉल्व्हचा बॉल बदलला आणि सीट साफ करून बॉल नीट बसवला. आता दोन-तीन आठवड्यांत थोडं उतरतं, पण थारोळं नाही. जुन्या गाडीकडून मी यापेक्षा जास्त मागत नाही.

हत्यारं. हा मुद्दा ब्रिटिश गाडीवाल्यांनी नीट वाचावा. या गाड्यांचे बोल्ट मिलिमीटरचे नाहीत, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश इंची मापाचे आहेत. पाव इंची व्हिटवर्थ बोल्टचा हेड 13.3 मिमी भरतो. तेराचा पाना बसत नाही आणि चौदाचा ढिला होतो, कोपरे गोल करून टाकतो. माझ्या गाडीचे निम्मे बोल्ट आधीच्या कुणीतरी असेच गोल करून ठेवलेत. चाचांकडे व्हिटवर्थचा पूर्ण सेट आहे, कापडी पिशवीत गुंडाळलेला, आणि तो पोराच्या हाती देत नाहीत. गॅरेज पारखायचं असेल तर आधी हा सेट मागून बघा. मला स्वतःला जुन्या बाजारात एका रविवारी किंग डिक या नावाजलेल्या ब्रिटिश कंपनीचा पाना मिळाला, गंजलेला पण जबडा शाबूत. विकणाऱ्याला तो काय आहे हे माहीत नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही.

आता कुरकुर. वायरिंग चाचांनी करू नये. त्यांनी बॅटरीचं निगेटिव्ह फ्रेमला जोडून दिलं. या गाडीचं अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, सहा व्होल्ट. ॲमीटर उलटा चालायला लागला, चार्ज होताना डिस्चार्ज दाखवायचा. दाखवल्यावर म्हणाले, काटा हलतोय ना, मग झालं. ते काम मी बाहेर करून घेतलं. क्रोम आणि रंगाचंही तसंच. ते बाहेर पाठवतात आणि परत येतं ते कसं येईल याची त्यांना फिकीर नसते. प्रदर्शनात मांडायची, आरशासारखी गाडी ज्यांना हवी त्यांनी या बोळात येऊ नये.

वेळेचंही सांगतो. "गुरुवारी घेऊन जा" म्हणाले तर कुठला गुरुवार ते विचारू नका. नोकरीत असतो तर मी चिडून गाडी उचलून आणली असती. आता दुपारी जाऊन स्टुलावर बसतो. एकदा बोअर मोजायला स्वतःचं गेज घेऊन गेलो. बी31 चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 71 मिमी, 350 बुलेटचा 70, आणि काही मिस्त्री स्लीव्ह मारून सरळ बुलेटचा पिस्टन ढकलतात, ही भीती होती. चाचा हसले, म्हणाले, मोजा साहेब. तीन ठिकाणी मोजलं. ओव्हलपणा एका थाऊच्याही (इंचाच्या हजाराव्या भागाच्या) आत निघाला. आमच्या टूलरूममध्ये पास झाला असता.

पेट्रोलच्या नळ्या आणि कॉकचे बूच त्यांनी न विचारता बदलले. ई20 मुळे (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे) जुनं रबर फुगतं, हे बरोबर आहे. विचारायला हवं होतं, पण बिल वाजवी होतं म्हणून गप्प बसलो.

गुडघे-कंबर बघून ही गाडी घेऊ नको असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. कार्ब टिकल करायचा (बटण दाबून त्यात पेट्रोल भरू द्यायचं), इग्निशनचं टायमिंग मागे घ्यायचं, व्हॉल्व्ह लिफ्टर दाबून (म्हणजे कॉम्प्रेशन सुटतं) पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे न्यायचा, आणि मग एक सावकाश, पूर्ण किक. एवढं जमलं तर सहासष्टाव्या वर्षीही त्रास होत नाही, आणि हे मला चाचांच्या पोराने शिकवलं. ज्यांना टाकीवर ब्रिटिश नाव हवं पण किक नको, त्यांनी बटणाची घ्यावी. बीएसए आता महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सची आहे, 652 सीसीची गोल्ड स्टार भारतात 2024 मध्ये आली. ट्रायम्फच्या 400 तर इथेच चाकणला बजाज बनवतं. नॉर्टनसुद्धा 2020 पासून टीव्हीएसकडे आहे. चांगल्याच असतील. त्यांच्यासाठी नाना पेठेतल्या बोळात यायची गरज नाही.

बाकी व्यवहाराचं: शुक्रवारी दुपारी बंद असतं. गाडी टेम्पोतून आणणार असाल तर टेम्पो बोळात शिरत नाही, चौकात उतरवून ढकलत न्यावी लागते, सोबत एक माणूस असू द्या. आणि वायरिंग तेवढं दुसऱ्याकडून करून घ्या.