नोरोव्हायरससाठी लाळ घ्यायची की शौचाचं सॅम्पल?

वस्तीत नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब घडवणारा व्हायरस) किती पसरलाय ते बघायचंय आणि कुठली टेस्ट घ्यावी यावर गाडी अडलीये, तर आधी एवढं ठरवा की आज आजारी कोण आहे ते शोधायचंय का एकूण किती जणांना लागण होऊन गेली ते.

आत्ता उलट्या-जुलाब चालू असतील तर शौचाचं सॅम्पल आणि आरटी-पीसीआर, दुसरा विचारच नको. व्हायरस थेट सापडतो, कुठल्या गटातला तेही कळतं, फक्त पहिल्या दोन-तीन दिवसांत घेतलेलं बरं. पण ज्याला काही होतच नाहीये तो माणूस डबी भरून द्यायला कंटाळतो, आणि नोरोव्हायरसमध्ये असे लक्षणं नसलेले बरेच असतात, ते सगळे हिशोबातून सुटतात.

लाळेत आपण व्हायरस नाही, अँटीबॉडी शोधतो, म्हणजे लागण झाल्यावर शरीर त्या व्हायरसविरुद्ध जी प्रथिनं बनवतं ती. स्पंज लावलेली काडी हिरड्यांच्या कडेने मिनिटभर घासायची, कारण रक्तातल्या अँटीबॉडी तिथून पाझरतात, नुसतं थुंकून तेवढ्या मिळत नाहीत. सुई नाही, त्यामुळे लहान पोरांचे आईबापही पटकन हो म्हणतात. शिवाय त्याच थेंबभर लाळेत हिपॅटायटिस ए वगैरेच्या अँटीबॉडीही एकदमच तपासता येतात.

पोर्तो रिकोच्या बोकेरोन बीचवर 2009 मध्ये हेच केलं, बीचवर आलेल्यांची लाळ त्याच दिवशी घेतली आणि पुढच्या काही आठवड्यांत परत घेतली. 1298 जणांपैकी 34 जणांच्या अँटीबॉडी नव्याने वाढलेल्या निघाल्या, डोकं पाण्यात बुडवून पोहलेल्यांत हे प्रमाण 3.4 टक्के, पाण्यात न उतरलेल्यांत शून्य. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की या वाढीचा पोटाच्या तक्रारींशी संबंधच दिसला नाही, म्हणजे नुसतं "जुलाब झाले का" विचारत फिरले असते तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

पण लाळेची खरी मेख दुसऱ्या सॅम्पलमध्ये आहे. एकदाच घेतली तर अँटीबॉडी गेल्या महिन्यातल्या की दोन वर्षांपूर्वीच्या हे सांगता येत नाही, त्यामुळे त्याच घरी परत जाणं जमणार असेल तरच या वाटेला जा, आणि पहिलं सॅम्पल साथ यायच्या आधीच घेऊन फ्रीजरमध्ये ठेवा. ते जमणार नसेल तर सरळ शौचाच्या टेस्टवर पैसे घाला. आणि पेशंटला ओआरएस द्यायला कुठल्याच रिपोर्टची वाट बघू नका.