शामोनीचं घर, आगाऊ पैसे आणि नगरपालिकेचा बनावट दाखला

फेब्रुवारीत फ्रान्सच्या आल्प्समध्ये जायचा विचार असेल, तर घराचे पैसे भरण्याआधी हे वाचा. शामोनीजवळच्या एका घराच्या नावाखाली आम्हाला जवळपास लाखभर रुपयांचा गंडा घातला गेला. भारतातून व्हिसा काढून जाणारी माणसं हेरूनच हे केलं जातं, असं माझं ठाम मत झालं आहे.

माझा भाचा फ्रान्समध्ये ग्रनोबलला शिकतो. त्याच्याकडे जायचं, मग सगळ्यांनी आठवडाभर शामोनीत राहायचं, मुलांनी स्कीइंग शिकायचं, असा बेत होता. शामोनी हे माँ ब्लाँ पर्वताच्या पायथ्याचं गाव. १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक तिथेच झालं. फेब्रुवारीत तिथे जागा मिळणं फार अवघड, कारण तेव्हा फ्रान्समधल्या शाळांना सुट्टी असते. देशाचे तीन विभाग करून ती पुढे-मागे देतात, त्यामुळे गर्दी चार आठवडे हटत नाही. घरंही बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच मिळतात.

त्या भामट्याला हे सगळं पाठ होतं. "त्याच आठवड्यात पॅरिसच्या शाळांना सुट्टी आहे, आणखी दोन कुटुंबं विचारतायत," असं त्याने लिहिलं. सुट्टीची माहिती खरी होती, म्हणून बाकीचंही खरं वाटलं. जाहिरात भाड्याच्या घरांच्या एका मोठ्या संकेतस्थळावर होती. दोन-तीन निरोपांनंतर तो म्हणाला, "इथलं कमिशन वाचवू, थेट बँकेत पाठवा, पंधरा टक्के कमी घेतो." फ्रेंचमध्ये भाडेकरार आला, ओळखपत्राची प्रत आली. ओळखपत्र बहुधा दुसऱ्याच कुणाचं तरी चोरलेलं असणार. आठवड्याचं भाडं १९०० युरो, त्यातलं निम्मं आगाऊ.

खातं त्याच्या बहिणीच्या नावावर होतं आणि आयबॅनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाची, सुरुवात एलटी अशी होती. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देश सांगतात. फ्रान्सचा क्रमांक एफआरने सुरू होतो, एलटी म्हणजे लिथुआनिया. विचारलं तर म्हणाला, बहीण तिकडे नोकरीला आहे. आम्ही विश्वास ठेवून आगाऊ पैसे पाठवले. घर फ्रान्समध्ये आणि पैसे लिथुआनियाला, असा प्रकार कुणी सांगितला तर तिथेच थांबा. आपल्या बँकेतून ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) भरून गेलेले पैसे परत मिळवणं फार कठीण असतं.

खरा डाव पुढेच होता. व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो. त्यासाठी आम्ही त्याच्याकडे पत्र मागितलं, तर तो म्हणाला, "नगरपालिकेचा दाखला काढावा लागेल, माणशी साठ युरो." असा दाखला फ्रान्समध्ये खरंच असतो, म्हणून ही थाप इतकी चालते. पण तो नातेवाईक किंवा मित्र आपल्या घरी फुकट ठेवून घेणार असतील तेव्हाचा. यजमान स्वतः आपल्या नगरपालिकेत जातो, कागदपत्रं दाखवतो आणि शुल्क भरतो. भाड्याने जागा घेणाऱ्याला तो लागतच नाही. पत्ता, तारखा आणि प्रवाशांची नावं असलेला आरक्षणाचा कागद पुरतो.

दाखल्याचे पैसे पाठवण्याआधी त्याचा नमुना मागवला आणि भाच्याला पाठवला. तासाभरात त्याचा फोन आला. "मावशी, शिक्का शामोनी नगरपालिकेचा आहे आणि घराचा पत्ता लेझूशचा. लेझूशची नगरपालिका वेगळी आहे!" मग त्याने जाहिरात उघडली. त्यात लिहिलं होतं, एग्वी द्यु मिदीच्या केबल कारपासून पाच मिनिटं चालत. ती केबल कार शामोनी गावातून ३७७७ मीटरवरच्या स्थानकापर्यंत जाते. लेझूश तिथून सात-आठ किलोमीटर खाली आहे आणि त्याच्या केबल कार वेगळ्या. भाच्याने लेझूशच्या पर्यटन कार्यालयाला फोन केला. त्या रस्त्यावर त्या नावाचं घरच नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. हा फोन कुणीही करू शकतं. स्कीइंगच्या बहुतेक गावांत असं कार्यालय असतं, तिथे इंग्रजी चालतं आणि ते मनापासून मदत करतात.

आम्ही लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली आणि बँकेला पैसे परत मागवायची विनंती पाठवायला लावली. समोरच्या बँकेचं उत्तर आलं, खात्यात शिल्लक नाही. माझा राग पैशांपुरता नाही. मुलं महिनाभर बर्फातले बूट आणि हातमोजे जमवत होती, आणि हा माणूस त्यांच्या पासपोर्टच्या प्रतीसुद्धा 'दाखल्यासाठी' मागत होता. त्या आम्ही दिल्या नव्हत्या, एवढं बरं.

संकेतस्थळाने ती जाहिरात काढली. पण तेच फोटो आता मोर्झीन या स्कीइंगच्या दुसऱ्या गावातल्या एका घराच्या नावाने, दुसऱ्या मालकासह पुन्हा दिसतायत. ओळखू यावेत म्हणून सांगते: दगडी शेकोटीवर तांब्याचं मोठं भांडं, भिंतीवर फुलीसारख्या अडकवलेल्या दोन जुन्या लाकडी स्की, लाल-पांढऱ्या चौकटींचे पडदे, आणि जेवणाच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्याचा एक टवका उडालेला.