भरतीला निघालेल्या मुलांसाठी काळी ट्रंक: तयार घ्यावी की करून घ्यावी?

अग्निवीर म्हणून निवड झाली आणि रुजू होण्याचं पत्र आलं, की आईवडील सामानाची यादी घेऊन बाजारात निघतात. त्या यादीतली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे काळी पत्र्याची ट्रंक. आधी पत्र नीट वाचा. यादीत ट्रंक नसेल तर घेऊच नका. असेल आणि माप दिलं असेल, तर तेच माप धरा, खाली आम्ही काहीही लिहिलेलं असो.

पुण्यात ट्रंक दोन प्रकारे मिळते. दुकानात रचून ठेवलेली तयार, नाहीतर पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराकडून मापाने करून घेतलेली. आमचं मत स्पष्ट आहे: आठ-दहा दिवस हातात असतील तर करून घ्या. अग्निवीरांचं लष्करातलं प्रशिक्षण 31 आठवड्यांचं असतं, त्यातले 10 आठवडे मूलभूत आणि 21 आठवडे पुढचं. त्यानंतर तीच ट्रंक युनिटमध्ये जाते, तिथून बदलीच्या गावी. ट्रकवर चढते, उतरते, आपटते. स्वस्त तयार ट्रंक एवढं सोसत नाही.

फरक पडतो तो पत्र्याच्या जाडीने. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. 24 गेज म्हणजे साधारण 0.6 मिलिमीटर, 22 गेज साधारण 0.8, आणि 20 गेज एक मिलिमीटरच्या जवळपास. स्वस्त ट्रंक 24 किंवा त्याहून पातळ पत्र्याची असते. दुकानात पारख करायची तर झाकणाच्या मधोमध अंगठ्याने दाबा. टक् आवाज करून पत्रा आत गेला आणि सोडल्यावर तसाच बाहेर आला, तर ती ट्रंक ठेवून द्या. बॅरेकमध्ये ट्रंकेवर बसून बूट चढवले जातात, पातळ झाकण लवकरच मध्ये बसतं आणि मग कोयंडा कडीवर येत नाही. 30 बाय 18 बाय 10 इंची ट्रंकेला 24 गेजमध्ये नुसता पत्राच सुमारे 6 किलो लागतो, 22 गेजमध्ये 8, 20 गेजमध्ये 10. वर कड्या-बिजागऱ्यांचे एक-दीड किलो. मुलाला ती स्वतः उचलायची आहे, म्हणून आम्ही 22 गेज सुचवतो. झाकणावर पत्रा उठवून काढलेल्या आडव्या पट्ट्या असतील तर फार चांगलं, वजन न वाढता ताठपणा येतो.

उंची 10 इंचच का, याचं कारण रेल्वे. स्लीपर डब्यात सोबत न्यायच्या पेटीची मर्यादा 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटर आहे, म्हणजे लांबी-रुंदीत ही ट्रंक आरामात बसते, उंचीत मात्र अगदी काठावर, कारण 10 इंच म्हणजे 25.4 सेंटिमीटर. थ्री टियर एसीत मर्यादा 55 बाय 45 बाय 22.5 सेंटिमीटर, तिथे ती नियमाबाहेर जाते. 'प्रवास सुखाचा व्हावा' म्हणून घरचे एसीचं तिकीट काढतात आणि ट्रंकेचा विचार राहून जातो. मोफत वजन दोन्ही वर्गांत 40 किलो.

आता जोडकाम. बहुतेक तयार ट्रंकांचा कमकुवतपणा इथेच दिसतो. बाजूच्या उचलायच्या कड्या नुसत्या पत्र्यावर रिव्हेट, म्हणजे ठोकून बसवायची खीळ, मारून बसवलेल्या असतात. भरलेली ट्रंक उचलली की रिव्हेटभोवतीचा पत्रा फाटतो आणि कडी हातात येते. आतून जाड पत्र्याची पट्टी देऊन मगच रिव्हेट मारायला सांगा. मागे बिजागऱ्या दोन नव्हे, तीन. झाकण मागे उलटून पडू नये म्हणून आत साखळी. तोंडाच्या कडेला तार भरून पत्रा वळवलेला हवा, नुसती कापलेली धार बोटं चिरते. पहाटेच्या घाईत हात घालायचा असतो, हे कारागिराला सांगितलं तर तो स्वतःहून काळजी घेतो. कुलूप आधी विकत घेऊन सोबत न्या, म्हणजे कोयंड्याचं भोक त्याच्या मापाचं पडेल. कुलूप, प्राइमर (रंगाखाली द्यायचा पहिला थर), रंग, रिव्हेट हे सगळं पुण्याच्या बोहरी आळीत एका फेरीत होतं.

रंगाबाबत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तयार ट्रंक पुष्कळदा जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची असते. जस्तावर साधा काळा ऑइलपेंट धरत नाही, पापुद्रे सुटतात. त्यासाठी जस्तावर चालणारा वेगळा प्राइमर आधी लावावा लागतो. साध्या पत्र्याला मात्र आतून-बाहेरून रेड ऑक्साइडचा प्राइमर आणि वर काळ्या रंगाचे दोन हात पुरतात. आतले कोपरे रंगवायचे बहुधा राहतात आणि गंज तिथूनच धरतो. मुलगा किंवा मुलगी नौदलात, म्हणजे ओडिशातल्या चिल्क्याला जाणार असेल, तर सरोवराकाठच्या त्या दमट खाऱ्या हवेसाठी ही काळजी दुप्पट घ्या. रंगवल्यावर झाकण उघडं ठेवून चार-पाच दिवस सुकवा, नाहीतर रंगाचा वास कपड्यांत बसतो. तळाला वर्तमानपत्र घालू नका, ओल धरतं. जाड प्लॅस्टिकचा तुकडा घाला.

झाकणावर पांढऱ्या रंगात फक्त नाव लिहून घ्या आणि खाली एक ओळ मोकळी सोडा. लष्करी क्रमांक तिथे गेल्यावर मिळतो.

आत काय भरायचं? यादीपेक्षा जास्त काही नाही. गणवेश आणि बूट प्रशिक्षण केंद्रातून मिळतात. घरून हवेत ते सुती मोजे, बनियनं, पायाला लावायची पावडर, सुईदोरा, बटणं, काळं पॉलिश आणि दोन ब्रश, एक लावायला आणि एक चमकवायला. चकल्या-लाडू प्रवासापुरतेच द्या. बंद ट्रंकेत तुपाचा वास राहतो, मुंग्या येतात आणि तपासणीत उत्तर पोराला द्यावं लागतं. मायेने दिलेला डबा त्याला अडचणीत आणायला नको. मूळ प्रमाणपत्रं ट्रंकेत ठेवू नका. चेनच्या फोल्डरमध्ये घालून खांद्याच्या पिशवीत, सतत अंगाजवळ.

तयारच घ्यावी लागली, तर खडकी बाजारात किंवा कॅम्पात बघा. खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे, तिथल्या दुकानदारांना हे गिऱ्हाईक नवं नाही. 24 गेजची चालवून घ्या, पण कड्यांमागे पट्टी आणि तिसरी बिजागरी नंतर एखाद्या कारागिराकडून बसवून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ट्रंक घरी आली की भरायचं काम मुलालाच करू द्या, आईने घड्या घालून दिल्या तर तिथे त्याला काही सापडत नाही. निघण्याआधीच्या आठवड्यात रोज एकदा रिकामी करून पुन्हा लावायला सांगा, आणि बटण शिवणं, बूट चमकवणं याच दिवसांत शिकवा. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या सोबत द्या. एक दोऱ्यात ओवून गळ्यात, दुसरी तिथे जोडीदार, म्हणजे बडी, ठरला की त्याच्याजवळ. पुण्यात कपाटात ठेवलेली किल्ली, तपासणीच्या सकाळी कुलूप फोडायची वेळ आली तर, काही कामाची नाही.