ग्रिड, फ्लेक्स आणि डिस्प्ले नन: आठ महिने वापरल्यानंतर

लातूरच्या मोंढ्यात आमची आडत आहे. तिथलं बाजारभावाचं वेबपान मी सांभाळतो. शीर्षकातले तिन्ही शब्द सीएसएसचे, म्हणजे वेबपानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचे. सोयाबीन, तूर, हरभरा; आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, एवढंच त्यावर असतं. बघणारे बहुतेक शेतकरी, तेही रानातून, छोट्या मोबाइलवर. आधी सगळी मांडणी फ्लोटवर होती, म्हणजे चौकोन डावी-उजवीकडे सरकवून शेजारी बसवायच्या जुन्या पद्धतीवर. एखाद्या पिकाचं नाव दोन ओळींत गेलं की खालचे चौकोन विस्कटायचे.

दिवाळीत ते मोडून ग्रिडवर, म्हणजे आडव्या-उभ्या रकान्यांच्या जाळीवर आणलं. ग्रिड २०१७ मध्येच मोठ्या ब्राउझरांत आलं, त्यामुळे जुन्या फोनांची फार धास्ती नव्हती. ऑटो-फिट आणि मिनमॅक्सची एकच ओळ लिहिली: चौकोन किमान २२० पिक्सेल, उरलेली जागा सारखी वाटून. मोबाइलवर एकाखाली एक, संगणकावर शेजारी चार. पडद्याच्या रुंदीप्रमाणे वेगळे नियम लावणारी एकही मीडिया क्वेरी लागली नाही.

फ्लेक्सवर, म्हणजे एका ओळीत डबे शेजारी बसवायच्या पद्धतीवर, मात्र दोन दिवस गेले. डावीकडे बाजार समितीचं नाव, उजवीकडे दर. नाव लांबलं तर तीन टिंबं यायला हवी होती. लातूर, उदगीर नीट बसायचे. छत्रपती संभाजीनगर आलं की दर पडद्याबाहेर. नावाभोवती आणखी एक डबा होता आणि फ्लेक्समधला डबा आपणहून आतल्या मजकुराहून लहान होत नाही. त्या डब्याला मिन-विड्थ (किमान रुंदी) शून्य दिली, तेव्हा टिंबं आली.

खरी चूक डिस्प्ले ननची, म्हणजे पानावरचा भाग लपवायच्या नियमाची, झाली. मोबाइलवर जागा वाचावी म्हणून तक्त्याची शीर्षकं मी ननने लपवली. औशाकडच्या एका काकांचा फोन आला. त्यांना दिसत नाही, टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या फोनच्या सोयीवर, भाव ऐकतात. म्हणाले, "फोन नुसते आकडेच सांगायलाय बाबा, किमान कोन्ता अन् कमाल कोन्ता?" मला फार लागलं ते. नन दिलं की तो भाग मांडणीतून जातो तसा वाचून दाखवण्यातूनही जातो. व्हिजिबिलिटी हिडन या लपवायच्या दुसऱ्या नियमाने फक्त जागा राहते, वाचन नाही. त्याच रात्री प्रत्येक आकड्याआधी त्याचं नाव खऱ्या मजकुरात लिहिलं. बाकीच्यांनाही ते सोयीचं वाटतंय.

एक काम अजून बाकी आहे. आजचा दर मोबाइलवर आधी दिसावा म्हणून ऑर्डर (फक्त दिसण्याचा क्रम बदलणारा नियम) वापरलंय, पण ऐकताना तो शेवटीच येतो. तो भाग पानाच्या मूळ मजकुरात, म्हणजे एचटीएमएलमध्येच वर हलवायला घेतलाय.