एआय साहाय्यकासह येणारा एकात्मिक टूल संच : अकरा महिन्यांचा वापर आणि बुडालेले 3,160 क्रेडिट

कोडचा साठा, तिकिटे (कामांच्या व तक्रारींच्या नोंदी), पुल रिक्वेस्ट (बदललेला कोड मूळ साठ्यात घेण्याची विनंती), बिल्डची पाइपलाइन (कोडपासून चालता प्रोग्राम आपोआप तयार करणारी साखळी), टीमचे दस्तऐवज आणि या सगळ्यांत वावरणारा एआय साहाय्यक असा जो एकात्मिक संच आम्ही अकरा महिन्यांपूर्वी घेतला, त्याबद्दल वर्ष पूर्ण झाल्यावर सावकाश लिहावे असे मनात होते. परंतु गेल्या महिन्याच्या 3 तारखेला, आम्ही पतसंस्थांसाठी बनवतो त्या प्रणालीची नवी आवृत्ती एका संस्थेकडे बसवायची होती नेमक्या त्याच सकाळी, आमचे खाते ‘केवळ वाचनासाठी’ झाले आणि पाइपलाइन थांबली. त्यानंतर जो पत्रव्यवहार झाला, तो पाहता आणखी महिनाभर थांबण्याची माझी तयारी नाही. वैशिष्ट्यांची यादी वाचकांनी पाहिलेली असेलच, ती येथे पुन्हा देत नाही.

कर्वे रस्त्यावरील आमच्या कार्यालयात आम्ही नऊ जण आहोत. नऊ जणांची मासिक वर्गणी, बँकेचे परकीय चलनाचे शुल्क धरून, साडेचौदा हजार रुपयांच्या आसपास जाते आणि ती कार्डावरून आपोआप वळती होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वर्गणीची आपोआप होणारी वसुली 15,000 रुपयांच्या आत असेल तर दर वेळी ओटीपी लागत नाही. रक्कम त्यावर गेली की लागतो. इतके महिने आम्ही या मर्यादेच्या आत सुखाने राहिलो. या खेपेस मात्र एआयच्या जादा वापराचे 14 डॉलर बिलात चढले, मर्यादा ओलांडली गेली आणि ओटीपी गेला तो आमच्या भागीदारांच्या मोबाइलवर, जे त्या वेळी ताम्हिणी घाटात होते. घाटात रेंज नव्हती. पैसे जमा न होताच संचाने नऊ जणांच्या खात्याला कुलूप लावले. एका दिवसाची मुदतही दिली नाही. हिशेब पाहणाऱ्या मॅडमनी कार्यालयात आल्याआल्या विचारले, “सर, हे चौदा डॉलर कशाचे?” त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

उत्तर शोधण्यात दुपार गेली. आमच्या योजनेत माणशी 1,000 याप्रमाणे महिन्याला 9,000 क्रेडिट मिळतात आणि साहाय्यक जेवढा मजकूर वाचतो व लिहितो त्या प्रमाणात ते खर्च होतात. त्या महिन्यात आमच्या एका सहकाऱ्याने वेबच्या भागातील काही जुन्या लायब्ररी (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचे संच) अद्ययावत केल्या होत्या. असे केले की एनपीएम हे लायब्ररी बसवणारे साधन आपली पॅकेज-लॉक फाइल स्वतःच नव्याने लिहून काढते. कोणत्या लायब्ररीची नेमकी कोणती आवृत्ती, ती कोठून आणली आणि तिचा पडताळणी-हॅश (तीत फेरफार झालेला नाही हे ताडून पाहण्याचा संकेतांक) काय, एवढेच तीत असते. माणूस ती फाइल कधी वाचत नाही. पुल रिक्वेस्टमधील बदलांचे परीक्षण करणाऱ्या आमच्या साहाय्यकाने ती वाचली. बदललेल्या सुमारे अकरा हजार ओळी त्याने वाचल्या आणि ‘या फाइलमध्ये पुनरावृत्ती बरीच आहे, सामाईक भाग वेगळा काढण्याचा विचार करावा’ असा अभिप्राय नोंदवला. सहकाऱ्याने त्या पुल रिक्वेस्टवर सात वेळा पुश केले, म्हणजे सुधारलेला कोड चढवला, आणि प्रत्येक पुशनंतर साहाय्यकाने पहिल्यापासून वाचन करून तोच अभिप्राय, शब्द थोडे इकडेतिकडे करून, पुन्हा दिला. महिना संपायला आठ दिवस असताना क्रेडिट संपले आणि त्यापुढचे 1,400 क्रेडिट शंभराला एक डॉलर या दराने बिलात आले.

येथपर्यंत लिहून मी हा मजकूर दोन दिवस बाजूला ठेवला होता आणि त्या दोन दिवसांत माझे मत थोडे बदलले, हे कबूल केले पाहिजे. यंत्राने तयार केलेल्या फाइली परीक्षणातून वगळण्याची सोय या संचात आहे. टीमच्या सेटिंगमधील तिसऱ्या टॅबमध्ये, अगदी तळाशी, एक रिकामी चौकट आहे. तीत फाइलींच्या नावांचे नमुने लिहिले की साहाय्यक त्यांच्याकडे पाहत नाही. प्रत्येक पुशवर परीक्षण करण्याऐवजी सांगितल्यावरच करण्याचा पर्यायही तिथेच आहे. प्रशासक मी आहे, त्यामुळे ती चौकट रिकामी राहिली याचा दोष माझ्याकडे येतो. पॅकेज-लॉकसारखी फाइल आधीपासूनच वगळलेली असावी, ही अपेक्षा मात्र मला आजही वाजवी वाटते.

तरीही माझा खरा राग त्या 14 डॉलरवर नाही. आदल्या महिन्यात आम्ही 9,000 पैकी 5,840 क्रेडिट वापरले होते. उरलेले 3,160 महिनाअखेरीला बुडाले. म्हणजे ज्या महिन्यात आम्हाला 1,400 जादा लागले, त्याच्या आदल्याच महिन्यात त्याच्या दुपटीहून अधिक क्रेडिट, पैसे भरून घेतलेले, आम्ही न वापरता सोडून दिले होते. पुण्यात शिकायला येऊन राहिलेल्या कोणालाही मेसचे खाडे समजावून सांगावे लागत नाहीत. सदाशिव पेठेतील मेसच्या काकूसुद्धा, आदल्या दिवशी सांगितले असेल तर, गावी गेलेल्या मुलाचे खाडे पुढच्या महिन्यात वळते करतात, आणि त्यांचा तर भात शिजून वाया जाण्याचा प्रश्न असतो. येथे शिजवलेले काहीच नाही, तरी खाडा धरत नाहीत. त्यात भर म्हणजे हा महिना जागतिक प्रमाणवेळेने संपतो, म्हणजे आपल्याकडे 1 तारखेला पहाटे साडेपाचला. त्यामुळे ‘आजच्या रात्री बारापर्यंत’ या समजुतीने केलेले नियोजनही साडेपाच तास चुकते. या चुकीचा आपल्याला फायदाच होतो, परंतु तो कोठेही सांगितलेला नाही.

मदत केंद्राचा अनुभव थोडक्यात सांगतो. पहिल्या तीन पत्रांना त्यांच्याच एआय साहाय्यकाने उत्तर दिले आणि तिन्ही वेळा मला एकच मदतपान वाचायला सांगितले. चौथ्या दिवशी एका माणसाने उत्तर दिले, त्याचा सूर सभ्य होता. त्यांनी खाते उघडण्यास उशीर झाल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि 10 डॉलरची सवलत देऊ केली. सहाव्या दिवशी कळले की ती सवलत केवळ वार्षिक योजना घेणाऱ्यांना लागू होते.

एवढे वाचून हा संच घेऊ नये असा निष्कर्ष कोणी काढील, म्हणून ज्या एका कामासाठी मी तो अजून सोडलेला नाही ते विस्ताराने सांगतो. आमच्या प्रणालीत मुदत ठेवीच्या व्याजाची एक जुनी स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्राम, आहे. सहाशेहून अधिक ओळी, व्हेरिएबलची नावे रोमन लिपीत लिहिलेली मराठी, म्हणजे व्याजदर, मुदत, मोड वगैरे, आणि मध्येच एक टिप्पणी : ‘येथे हात लावू नये’. ती लिहिणारे गृहस्थ नोकरी सोडून बरीच वर्षे झाली. एका संस्थेने तक्रार केली की मुदतपूर्व मोडलेल्या आणि मुदतीनंतर काढलेल्या ठेवींच्या व्याजात 2024 सालापुरता काही पैशांचा फरक येतो. आमच्यातील सर्वांत नव्या मुलीने ती प्रोसिजर साहाय्यकापुढे ठेवून हा प्रश्न विचारला. ‘मोड’ म्हणजे येथे इंग्रजीतील ‘मोड’, अर्थात पद्धत, नव्हे, ठेव मोडणे, हे त्याला संदर्भावरून कळले. प्रोसिजरच्या एका भागात भागाकार 365 ने केला आहे आणि दुसऱ्या भागात वर्षाच्या प्रत्यक्ष दिवसांनी, त्यामुळे 29 फेब्रुवारी असलेल्या वर्षात दोन उत्तरे येतात, हे त्याने ओळींच्या क्रमांकांसह दाखवले आणि दोन्हीकडे प्रत्यक्ष दिवस घेण्याचा बदल सुचवला.

तो बदल आम्ही केला असता तर अडचणीत आलो असतो. पुल रिक्वेस्ट उघडताच संचाने शेजारी एक जुने तिकीट आणून ठेवले. त्यात दुसऱ्या एका पतसंस्थेने, आमच्याकडे वर्ष कोणतेही असो भागाकार 365 नेच करावा, असे त्यांच्या संचालक मंडळाच्या ठरावासह कळवले होते. ते तिकीट कोणाच्याही स्मरणात नव्हते. कोड, तिकीट आणि चर्चा एकाच ठिकाणी असल्यामुळेच ते समोर आले; साहाय्यकाची हुशारी येथे दुय्यम होती, किंबहुना त्याने सुचवलेली दुरुस्ती त्या संस्थेपुरती चुकीचीच होती. शेवटी दिवसांची संख्या संस्थानिहाय ठरवण्याची सोय आम्ही केली. पूर्वी आमची तिकिटे एकीकडे, कोड दुसरीकडे आणि ग्राहकाचे निरोप व्हॉट्सॲपवर असत, तेव्हा हा ठराव आम्हाला ग्राहकाच्या दुसऱ्या तक्रारीतूनच सापडला असता.

वेग वाढला का, हा प्रश्न मला भागीदार दर महिन्याला विचारतात. संच घेतल्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै 2025 मध्ये, एमईटीआर या एआयच्या क्षमता तपासणाऱ्या संस्थेचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात 16 अनुभवी प्रोग्रामरांनी आपल्याच ओळखीच्या प्रकल्पांतील 246 कामे केली. एआयची मुभा असलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला आणि आपण मात्र 20 टक्के वेगाने काम केले असे त्यांना स्वतःला वाटत होते. तो वाचल्यापासून मी वाटण्यावर विश्वास न ठेवता वहीत वेळा लिहितो. ज्याला जो भाग पाठ आहे त्यात साहाय्यकाने आमचा वेळ वाचवलेला दिसत नाही. दुसऱ्याने लिहिलेला जुना कोड समजून घेणे आणि कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या चाचण्या लिहिणे यांत तो स्पष्ट वाचला आहे.

मराठीबद्दल एक गोष्ट. आमचे ग्राहक तक्रारी मराठीत लिहितात आणि त्यांचे इंग्रजी सारांश साहाय्यक बहुतेक वेळा नीट करतो; ‘तारण कर्जा’चा अर्थ त्याने एकदा संकटातून वाचवण्यासाठी दिलेले कर्ज असा लावला, तेवढा सोडून. परंतु संगणकाच्या साठवणीत, यूटीएफ-8 पद्धतीने, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि रोमन अक्षर एक. साहाय्यकामागची एआय मॉडेले मजकूर तुकडे (टोकन) पाडून वाचतात, त्यात मराठीचे तुकडे जास्त पडतात आणि आमचे क्रेडिट तुकड्यांवर कापले जातात. तीच तक्रार मराठीत असली तर महाग पडते, याची मॅडमनी रीतसर नोंद केली आहे.

सध्याची व्यवस्था अशी आहे. पॅकेज-लॉक आणि इतर यंत्रनिर्मित फाइली वगळल्या आहेत, परीक्षण सांगितल्यावरच होते, जादा वापराची कमाल मर्यादा शून्यावर आणली आहे आणि कार्डाला जोडलेला मोबाइल क्रमांक बदलून मॅडमचा केला आहे, कारण त्या घाटात जात नाहीत. वार्षिक योजना घेतल्यास दोन महिन्यांची वर्गणी वाचते, तरी शिल्लक पुढे नेण्याची सोय होईपर्यंत मी ती घेणार नाही. तोपर्यंत महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही उरलेले क्रेडिट जुन्या भागांच्या चाचण्या लिहून घेण्यात संपवतो. गेल्या वेळी 740 उरले होते. त्यांत त्या व्याजाच्या प्रोसिजरच्या 38 चाचण्या झाल्या, त्यांतील 5 आम्ही चुकीच्या ठरवून काढून टाकल्या आणि रात्री साडेनऊला कार्यालय बंद केले, तेव्हा 12 क्रेडिट शिल्लक होते.