पहिली क्विल्ट (तुकडे जोडून केलेली गोधडी) हाताने शिवू की मशीनवर? दोन्हीकडे चुका करून झाल्यात, म्हणून सांगते

हा प्रश्न एक नाहीये, दोन आहेत. तुकडे जोडायचं काम वेगळं आणि वरचा थर, मधली बॅटिंग (कापसासारखा भरावाचा थर), खालचं अस्तर असे तीन थर एकत्र शिवायचं काम वेगळं, आणि माझं मत दोन्हीसाठी वेगवेगळं आहे.

आधी जोडकाम. मशीन फास्ट, टीप पक्की, पण चूक पण तेवढ्याच स्पीडने होते. शिवणीसाठी कडेला सोडायचं पाव इंच मार्जिन म्हणजे पाव इंचच. माझा पहिला नऊ तुकड्यांचा ब्लॉक होता, अडीच इंचाचे चौकोन, म्हणजे जोडल्यावर साडेसहा इंच यायला हवा, तो आला सव्वासहा. कारण मी प्रत्येक शिवणीत अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) जास्त घेत होते, ते दोन्ही तुकड्यांतून जातं, एका ओळीत दोन शिवणी, झाला पाव इंच गायब! आणि सगळे ब्लॉक सारखेच लहान झाले असते तरी चाललं असतं, पण काही बरोबर आणि काही लहान, मग ओढून ओढून जोडले आणि मधे फुगवटे आले. आता मी आधी दोन चिंध्या जोडून पट्टीने मोजते, मगच खरं कापड घेते.

हाताने जोडताना हे सहसा होत नाही कारण शिवणीची रेघच आखलेली असते, धावदोरा त्या रेघेवरून घालायचा आणि मधून मधून एक टाका मागे घ्यायचा. पण वेळ खूप लागतो, अर्ध्यात सोडून द्यायची भीती इथेच जास्त. म्हणून जोडकाम मशीनवर करा असं मी म्हणेन. (इस्त्री मात्र नुसती टेकवायची आणि उचलायची, घासायची नाही. उरेब, म्हणजे तिरकी कापलेली कड असेल तर ताणली जाते ती परत जागेवर येत नाही, हे दोन्ही पद्धतींना लागू.)

आता तीन थर शिवायचं. इथे माझी मशीनवरची क्विल्ट वरून छान दिसत होती, उलटी केली तर अस्तराला सगळीकडे चुण्या, टिपेत पक्क्या बसलेल्या. पिना लांब लांब लावल्या होत्या आणि मशीनचा साधा फूट (कापड दाबून धरणारा भाग) वापरला होता, तो वरचा थर मागे ठेवतो आणि खालचा पुढे सरकतो. वॉकिंग फूट नावाचा वेगळा फूट मिळतो, तो वरचा आणि खालचा दोन्ही थर बरोबर सरकवतो, आणि सेफ्टी पिना तळहाताएवढ्या अंतरावर हव्यातच. त्या बारीक टिपा उसवायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात अर्धी क्विल्ट हाताने झाली असती, खरंच.

हाताने क्विल्टिंग, म्हणजे हे तीन थर शिवायचं काम करताना खालचा हात अस्तरावरच असतो, चुणी पडली की बोटाला लगेच कळते, दोन टाके काढले की विषय संपला. म्हणून पहिली, लहान साइजची असेल तर हे काम हाताने करा, अंगुस्तान घालून. बॅटिंग पातळ घ्या, जाड असली तर सुई निघत नाही, आणि दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालतं ते पाकिटावर बघा, नाहीतर धुतल्यावर आत गोळे होतात.

बाळासाठी करताय, सारखी धुतली जाणार असेल तर मात्र दोन्ही कामं मशीनवरच. सरळ ओळी, मधून सुरू करून कडेला जायचं आणि प्रत्येक ओळीनंतर उलटी करून बघायचं.