बाईक ‘लो’ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी वाचा

8,900 रुपये गेले. लोअरिंग लिंक (मागच्या सस्पेन्शनमधली, गाडी खाली आणणारी जोडपट्टी) 4,200, पुढच्या शॉकअपचं काम 2,600, साइड स्टँड कापून वेल्डिंग 600, मजुरी 1,500. संभाजीनगरातलं गॅरेज. नाव लिहीत नाही, वकिलाने अडवलंय.

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411, सीट 800 मिमीवर. पाय नीट टेकत नाहीत म्हणून पुढून-मागून 30-30 मिमी उतरवायची, एवढंच ठरलं होतं. मागे ‘इम्पोर्टेड लिंक’ म्हणून बसवली ती लेथवर भोकं पाडून काळा रंग फासलेली साधी लोखंडी पट्टी. बोल्ट आत खेळतो. असं भोक लंबगोल व्हायला किती वेळ लागतो?

आणि पुढे? हातच लावला नव्हता! शॉकअपचे पाइप टीमधून, म्हणजे त्यांना हँडलखाली धरणाऱ्या क्लॅम्पमधून, वर सरकवले असते तर वरच्या टीच्या वर 30 मिमी दिसले असते. ते होते तिथेच. टीच्या अ‍ॅलन बोल्टच्या खाचेत जुनी माती घट्ट वाळलेली, म्हणजे पाना आत गेलाच नाही. हे डिलिव्हरीलाच दिसायला हवं होतं. पण गाडी धुऊन, पॉलिश मारून समोर आली की माणूस आधी बसून पाय टेकतो, टीत वाकून कोण बघतं?

फक्त मागून 30 मिमी उतरली की पुढचे शॉकअप साधारण सव्वा अंश जास्त तिरपे होतात. ट्रेल, म्हणजे हँडलचा अक्ष जमिनीला मिळतो तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर, वाढतो, पुढचं चाक हलकं पडतं. यू-टर्नला हँडल एका बाजूला कोसळतं आणि औट्रम घाटातल्या वळणावर गाडी बाहेर, समोरून येणाऱ्या गाडीकडे ओढते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात. डबलसीट खड्ड्यात गेली की मागचा टायर मडगार्डला घासतो. स्टँड 50 मिमी कापलं, पुढून न उतरलेल्या गाडीला तेवढं लागतच नाही. चेनचा ताण तपासलाच नाही. चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) कोन बदलला की तो पुन्हा बघावाच लागतो.

जुनी लिंक ताब्यात घ्या. आधी कुशनवाल्याकडून सीटचा फोम कमी करून बघा, त्याने हँडलिंग बिघडत नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “गाडी चालते ना?” दुसरा, “पक्कं बिल?” मग मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढून मलाच दम, मॉडिफिकेशन केलं म्हणून केस तुमच्यावरच होईल. आरटीओत म्हणे आमचा विषय नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, गॅरेजवाल्याने उत्तर दिलं नाही, तक्रार बंद! उत्तर न देणाराच सुटतो, हा कुठला न्याय? जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे तिन्ही ठिकाणी एकानेही सांगितलं नाही. तिथे पुरावा लागतो, म्हणून कामाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या, रोख देऊ नका. माझे 5,000 ऑनलाइन गेले, 3,900 त्याने ‘जीएसटी वाचेल’ म्हणून रोख घेतले. आता म्हणतो, 5,000 मध्ये लिंक आणि स्टँडच होतं, शॉकअपचं बोलणंच झालं नव्हतं.